औषधांस न जुमानणारे जंतु

वडील माणसांस लघवीचा त्रास होऊं लागला तरी संकोचानें ते तो लपवितात. आणि पुढें डॉक्टर प्रोस्टेट ग्रंथीची बायॉप्सी करावयास सांगतात तेव्हां सारें घर कर्करोगाच्या भीतीनें गांगरून जातें. या गडबडींत दुसऱ्या एका धोक्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. ग्रंथीचा तुकडा काढणारी सुई गुदाशयाच्या भिंतींतून घातली, तर आंतड्यांतील ‘ई. कोलाय’ जंतु तिच्याबरोबर रक्तांत शिरूं शकतात. त्यांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन आगाऊ देण्याची रीत पुष्कळ वर्षें चालली. परंतु ज्यानें गेल्या सहा महिन्यांत त्याच वर्गांतील औषध घेतलें असेल, त्याच्या आंतड्यांत त्यास दाद न देणारे जंतु असण्याचा संभव अधिक. आणि आमच्या घरोघरच्या फडताळांत अशा गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या नाहींत, असें कोण म्हणेल?

युरोपीय संघानें २०१९ सालीं या वर्गाचा असा प्रतिबंधक वापर बंद केला. तेथील मूत्ररोगतज्ज्ञ आतां वृषण व गुदद्वार यांमधील त्वचेंतून सुई घालणें पसंत करतात. त्या मार्गानें जंतुदोषाचें भय पुष्कळ कमी होतें.

तेव्हां सुईचा मार्ग कोणता, हें भीड सोडून विचारावें, आणि पूर्वीं घेतलेलीं औषधें डॉक्टरांस सांगावीं. गुदाशयाचाच मार्ग असेल तर तेथील जंतूंची आधीं परीक्षा करून औषध निवडतां येतें. तपासणीनंतर थंडी वाजून ताप भरल्यास काढा नको, घरची गोळीहि नको. मध्यरात्र असली तरी इस्पितळ गांठावें, व कोणतें औषध आगाऊ दिलें होतें तें तेथें प्रथम सांगावें.