बाला गांवचें सरोवर

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त कांहीं वर्षांपासून इंग्लंडांत राहतात. सुटी मिळाली कीं ते गळ आणि दांडी घेऊन शेजारच्या वेल्स देशांतील सरोवरांवर जातात, व परत आल्यावर घरीं सविस्तर पत्र लिहितात. गेल्या पत्रासोबत आलेलें छायाचित्र आम्हांस दाखवीत त्यांच्या आजींनीं विचारलें, "अहो, एवढ्या थंडींत दिवसभर पाण्याकांठीं उभें राहावयाचें, आणि धरलेला मासा पुन्हां पाण्यांतच सोडावयाचा, ही कसली हो करमणूक?" प्रश्न रास्त होता. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मासा शिजत नाहीं. आणि ज्यांच्या घरीं शिजतो त्यांना तर हातीं आलेला मासा सोडून देणें हा शुद्ध वेडेपणा वाटेल. आजींना तेव्हां आम्हीं कांहीं तरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु घरीं आल्यावर तीं पत्रें मागवून घेऊन पुन्हां वाचलीं, आणि थोडें इतर वाचनही केलें. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें देत आहों.

वेल्सच्या उत्तर भागांत बाला नांवाचें एक लहानसें गांव आहे. वेल्श भाषेंत 'बाला' म्हणजे सरोवरांतून पाणी बाहेर पडण्याची जागा. गांव अगदीं तशाच ठिकाणीं वसलें आहे. त्याच्या नैर्ऋत्येस जें सरोवर पसरलें आहे त्याला तेथील लोक 'लिन तेगिद' म्हणतात. वेल्समधील नैसर्गिक सरोवरांत हें सर्वांत मोठें. लांबी सुमारें पावणेचार मैल, रुंदी अर्धा मैल, आणि सर्वांत खोल जागीं पाणी सुमारें एकशेंचाळीस फूट. हिमयुगांत बर्फाच्या प्रचंड प्रवाहानें दरी कोरली आणि बर्फ वितळल्यावर तींत पाणी साठून राहिलें. दोन्ही बाजूंस डोंगर असल्यामुळें वारा सरोवराच्या लांबीच्या दिशेनें वाहतो. शिडाच्या लहान होड्या हांकणारांस ही मोठीच सोय. मात्र वारा चढला कीं तेंच पाणी समुद्रासारखें उसळूं लागतें. दक्षिणेच्या कांठानें अरुंद रुळांची एक लहान आगगाडी धांवते. पूर्वींचा मोठा लोहमार्ग बंद पडल्यावर, १९७२ पासून, त्याच्याच वाटेवर हौशी मंडळींनीं ही गाडी चालू केली. मुलांना घेऊन जाणारीं कुटुंबें आधीं गाडींत बसतात आणि मग पाण्यावर जातात, असें चिरंजीव लिहितात.

आतां मासेमारीविषयीं. तेथें गळ टाकावयाचा तर दोन परवाने लागतात. तेरा वर्षें व त्यावरील वयाच्या प्रत्येकास सरकारी परवाना, आणि त्याशिवाय त्या त्या पाण्यावर ज्याचा हक्क असेल त्याचें तिकीट. माशांच्या विणीच्या काळांत त्या त्या जातीचे मासे धरण्यास बंदी असते. सरोवरांत पाइक नांवाचा लांबोडक्या तोंडाचा, दातांचा हिंस्र मासा आहे. पर्च आहे, ट्राउट आहे, ईल आहे. पाइकच्या मागें लागणारे बहुतेक लोक मासा जाळ्यांत घेऊन गळ काढतात, वजन करतात, छायाचित्र घेतात, आणि त्याला परत सोडतात. आजींनीं ज्याला वेडेपणा म्हटलें तो हाच. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, सहा तासांत एकदांही दोरी हलली नाहीं तरी दिवस वाया गेल्यासारखा वाटत नाहीं. कारण तेवढा वेळ पाण्याकडे नुसतें पाहत बसण्यास एरवीं कोणी परवानगी देत नाहीं. ह्या शेवटच्या वाक्यावर आमच्या घरांतील मंडळी मनमुराद हंसली. गळाची जखम मात्र खोटी नसते, आणि ती करून घेणाऱ्या माशाला विचारणारें कोणी नसतें, हें आम्ही येथें नमूद करून ठेवतों.

परंतु त्या सरोवरांतील खरा मानकरी गळाला लागतच नाहीं म्हटलें तरी चालेल. त्याचें नांव 'ग्विन्याद'. 'ग्विन' म्हणजे पांढरें. चंदेरी अंगाचा, वीत-दीड वीत लांबीचा हा मासा सॅमन-ट्राउटच्याच कुळांतला आहे. सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं बर्फ मागें सरला तेव्हां तो ह्या सरोवरांत अडकून राहिला, आणि तेव्हांपासून त्याची वस्ती येथेंच, जगांत इतरत्र कोठेंही नाहीं. तो खोल, थंड पाण्यांत राहतो, आणि हिवाळ्यांत कांठच्या खडीवर अंडीं घालतो. पूर्वीं गांवकरी त्याला जाळ्यानें धरून खात असत. आतां कायद्यानें त्याला संरक्षण आहे.

संरक्षण कायद्यानें दिलें. पण कायद्याला दिसत नाहीं तें पाण्याखालीं घडत होतें. १९८० नंतरच्या दशकांत 'रफ' नांवाचा एक लहान, कांटेरी पंखाचा मासा सरोवरांत आढळूं लागला. तो तेथील नव्हे. पाइकला आमिष म्हणून जिवंत मासे डब्यांतून आणण्याची चाल होती, त्यांतूनच तो आला असावा असा जाणत्यांचा तर्क आहे. ह्या पाहुण्याला ग्विन्यादचीं अंडीं फार आवडतात. त्यांतच आसपासच्या शेतींतून व सांडपाण्यांतून खतद्रव्यें वाहत येऊन पाण्यावर शेवाळाची दाटी होऊं लागली. शेवाळ कुजलें कीं तळाच्या पाण्यांतील प्राणवायु कमी होतो, आणि ज्याला खोल व स्वच्छ पाण्यावांचून जगतां येत नाहीं त्या माशाला वर-खालीं कोठेंच थारा राहत नाहीं. ज्या हौसेसाठीं लोक सरोवराला जपतात त्याच हौसेच्या डब्यांतून हा शत्रु यावा! शेवटीं २००३ ते २००७ ह्या वर्षांत ग्विन्यादचीं अंडीं व पिलें जवळच्या आरेनिग व्हाउर ह्या डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या लहान सरोवरांत नेऊन सोडण्यांत आलीं. एक घर गेलें तर दुसरें असावें, एवढाच त्यांतला हेतु.

घर गेल्याची गोष्ट निघाली म्हणून त्या भागांतील एक दंतकथा सांगतों. आज जेथें पाणी आहे तेथें पूर्वीं एक नगर होतें, आणि त्यावर तेगिद नांवाचा क्रूर राजा राज्य करीत होता. सूड येईल, सूड येईल, असे शब्द त्याला वारंवार ऐकूं येत. तो हंसून सोडून देई. एके रात्रीं राजवाड्यांत मेजवानी होती. हार्प वाजविण्यास बोलाविलेल्या वृद्ध गवयाला एका पक्ष्यानें खुणावून नगराबाहेर डोंगरावर नेलें. तेथें त्याला झोंप लागली. सकाळीं पाहतो तों नगर नाहीं. सगळीकडे पाणी, आणि त्यावर त्याचें हार्प तरंगत आहे.

दंतकथेंतील राजा दुष्ट होता, म्हणून नगर बुडालें. बालापासून चार-पांच मैलांवर दुसरें एक गांव बुडालें, तें मात्र कोणाच्या पापाबद्दल नव्हे. त्रवेरिन नदीच्या खोऱ्यांत कापेल केलिन नांवाची वेल्श बोलणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती होती. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहराला पाणी हवें होतें, आणि तेथील नगरपालिकेनें हें खोरें निवडलें. १९५६ च्या नोव्हेंबरांत गांवकरी मुलाबाळांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांतून चालत गेले. उपयोग झाला नाहीं. १९५७ सालीं पार्लमेंटनें कायदा केला. वेल्सच्या छत्तीस सभासदांपैकीं एकानेंही त्याच्या बाजूनें मत दिलें नाहीं, तरी कायदा झालाच. १९६३ सालीं शाळा बंद झाली, प्रार्थनामंदिरांत शेवटची उपासना झाली. सुमारें आठशें एकर जमीन पाण्याखालीं गेली. बारा घरें व शेतवाड्या, पोस्टकचेरी, शाळा, प्रार्थनामंदिर आणि स्मशानभूमि. सदुसष्ट रहिवाशांपैकीं अठ्ठेचाळीस जणांचीं घरें गेलीं. कांहीं कुटुंबांनीं आपल्या माणसांचे अवशेष दुसरीकडे हलविले, बाकीचे तेथेंच राहिले. २१ ऑक्टोबर १९६५ रोजीं धरणाचें उद्घाटन झालें, तें निदर्शकांच्या आरडाओरड्यांत कांहीं मिनिटांत आटोपावें लागलें. 'त्रवेरिन विसरूं नका' हीं अक्षरें त्या सुमारास समुद्राकांठच्या रस्त्यालगत एका पडक्या भिंतीवर कोणीं तरी रंगविलीं, तीं आजही पुन्हां पुन्हां रंगविलीं जातात. लिव्हरपूलच्या नगरपालिकेनें २००५ सालीं क्षमा मागितली.

त्या सरोवराचें नांव लिन केलिन. अडीच मैल लांब, निळेंशार, आणि ट्राउटसाठीं प्रसिद्ध. धरणाचें पाणी नदींतून सोडलें जातें, खालीं डी नदीला मिळतें, आणि तेथून पुढें शहरांसाठीं उपसलें जातें. हें पाणी ठरल्या वेळीं सुटत असल्यामुळें, उन्हाळ्यांत इतर नद्या आटल्या तरी त्रवेरिन फेंसाळत वाहते. म्हणून धरणाखालच्या खडकाळ प्रवाहांत हलक्या होड्यांच्या शर्यती होतात. १९८१ सालीं जागतिक स्पर्धाही तेथेंच झाल्या. शेंकडों तरुण रबरी होड्यांत बसून ओरडत, भिजत खालीं येतात.

चिरंजीवांनीं ह्या वर्षीं प्रथमच लिन केलिनवर जाण्याचें ठरविलें होतें. तिकीटही काढलें होतें. कांठावर गांवाच्या आठवणीसाठीं बांधलेलें एक लहान दगडी प्रार्थनामंदिर आहे, तेथें ते थांबले, आणि त्या दिवशीं दांडी पिशवींतून बाहेर काढलीच नाहीं. पुढल्या खेपेस जावें कीं न जावें, ह्याविषयीं त्यांनीं आमचें मत विचारलें आहे. आम्हीं लिहून कळविलें कीं, अवश्य जावें. पाणी कांहीं आतां परत जाणार नाहीं, आणि तिकिटाच्या पैशावर तेथील चार माणसांचें पोट चालतें. मात्र पत्र टपालांत टाकल्यावर तें उत्तर आम्हांस पुरेसें वाटेना.

आजींना सारी हकीकत वाचून दाखविली. गळ, पाइक, होड्यांच्या शर्यती ह्यांपैकीं कशांतही त्यांचें मन रमलें नाहीं. ग्विन्यादचीं अंडीं दुसऱ्या तळ्यांत नेल्याचें ऐकून मात्र त्या म्हणाल्या, "बरें केलें." मग थोडा वेळ गप्प बसून त्यांनीं विचारलें कीं, पोस्टकचेरी बुडाल्यावर त्या गांवच्या नांवानें जीं पत्रें येत असतील तीं कोण पोंचवीत असेल. ह्याचा तपास करण्यास चिरंजीवांस कळविलें आहे.