आधी गतिरोधक मोजा

आमच्या सोसायटीच्या गेटसमोर एक गतिरोधक आहे. गाडीत मी एकटा असलो तर काही होत नाही. पण आई-बाबा, बायको आणि मागे सामान असलं की गाडी बरोबर मधोमध खालून लागते. तो खरखर आवाज ज्यांनी स्वतःच्या गाडीखाली ऐकलाय, त्यांना वर्णन नको. ईएमआय अजून एकेचाळीस महिने बाकी असले की तो आवाज थेट पोटात ऐकू येतो.

दिवाळीपासून आईने यावर स्वतःचा उपाय काढलाय. गेट आलं की म्हणते, "थांबव रे, मी उतरते. तेवढीच हलकी होईल." मग गुडघ्यावर हात टेकत उतरते, चालत गतिरोधक ओलांडते आणि पलीकडे पुन्हा चढते. ही एसयूव्ही घेतली तीच तिच्या गुडघ्यांसाठी. जुन्या हॅचबॅकमधून उठताना तिला आधार लागायचा.

मित्रांनी एकमताने सल्ला दिला: लिफ्ट कर. गॅरेजवाल्यानेही लगेच आकडा सांगितला. तीस मिलिमीटरचे स्पेसर, दोन तासांचं काम, अलाइनमेंटसकट साडेआठ हजार. "सगळेच करतात साहेब. आणि लुक पण येतो." वॉरंटीचं विचारलं तर हसला. मी शनिवारची वेळ घेऊन टाकली.

शुक्रवारी रात्री मात्र मी मेजरिंग टेप घेऊन खाली उतरलो. पदवी मेकॅनिकलची, नोकरी कोड लिहिण्याची. आमच्या पिढीचा हा नेहमीचा अपघात. त्यामुळे गाडीबद्दल काही ठरवायचं तर आकडे बघावेत, एवढी लाज अजून शिल्लक आहे. ब्रोशरमध्ये १९० मिमी लिहिलंय, पण ते रिकाम्या गाडीचं. घरच्यांना आत बसवून, सामान भरून मोजलं तर १५८. मग गतिरोधक मोजला. उंची १७०, रुंदी जेमतेम ७० सेंटिमीटर. हा गतिरोधक नाही, रस्त्यावर बांधलेला कट्टा आहे.

इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आपल्याकडे रस्त्यांची मानकं ठरवते. गतिरोधकासाठी तिचं वेगळं मार्गदर्शक आहे, आयआरसी ९९. त्यात ताशी २५ किलोमीटर वेगाने ओलांडता येईल अशा गोलाकार गतिरोधकाचं माप दिलंय: उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. उंचीपेक्षा ही रुंदी महत्त्वाची आहे. माझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.६ मीटर अंतर आहे. गतिरोधक ३.७ मीटर रुंद असेल तर गाडी त्यावर अख्खी चढते, चारही चाकं वक्रावरच असतात. अशा वेळी दोन चाकांच्या मधला भाग चाकांच्या पातळीपेक्षा किती वर येतो? अकरावीची भूमिती आहे, करून बघा. जेमतेम पाच सेंटिमीटर. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरून साधी हॅचबॅकसुद्धा माणसांनी भरून आरामात जाते. आमच्या कट्ट्यावर मात्र पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मध्ये १७० मिलिमीटर सिमेंट. तिथे लागणारच.

तरी या देशात कुणी गतिरोधकाला आखूड म्हणत नाही. "गाडी खाली आहे" असंच म्हणतात.

लिफ्ट करून काम होणार नाही, असं मी म्हणत नाही. १५८ अधिक ३० म्हणजे १८८, कट्टा १७०चा. कागदावर १८ मिलिमीटर सुटतात. पण पुढची चाकं कट्ट्यावरून खाली पडली की सस्पेन्शन दबतं, आणि त्यातले बरेच तिथेच संपतात. उरलेल्यांची किंमत मात्र गाडी रोज मोजते. स्प्रिंगच्या वेढ्यांत घालायचा रबरी बफर असेल तर तेवढे वेढे निकामी होतात, स्प्रिंग कडक होते आणि प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचतो. स्ट्रटच्या वर बसवायचा स्पेसर असेल तर स्प्रिंग तीच राहते, पण चाक पूर्ण खाली लोंबतं तेव्हा एक्सलचे सांधे आणि बॉल जॉइंट कंपनीने ठरवलेल्या कोनापलीकडे ताणले जातात. गुरुत्वमध्य वर जातो, म्हणजे गाडी उलटायला आधीपेक्षा कमी जोर पुरतो. ईएसपी मात्र जुनीच उंची धरून बसलेली असते; तिला कुणी कळवलेलं नसतं. चालू सिस्टिममध्ये टेस्टिंग न करता पॅच टाकणाऱ्याला आम्ही ऑफिसात काय म्हणतो, ते इथे लिहिता येत नाही.

हेडलाइटचा मुद्दा तर कुणी काढतच नाही. "इंजिनामुळे पुढे बसते" म्हणून अनेक जण फक्त पुढूनच उचलतात. २.६ मीटरच्या गाडीला पुढून ३० मिलिमीटर उचललं तर ती १.१५ टक्क्यांनी मागे कलते. डिपर बीम खाली झुकवलेला असतो तो साधारण एक टक्का. म्हणजे तुमचा डिपर आता डिपर राहिलाच नाही. तो समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यांत जातो. रात्री समोरच्या एसयूव्हीला आपण शिव्या घालतो ना, त्यातल्या काही या 'लुक'मुळे घालाव्या लागतात.

कायदाही बघितला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्या रूपात आलं: परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. स्पेसर यात बसतो की नाही, यावर वाद घालता येईल. फक्त तो वाद अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेयरशी घालावा लागतो.

आता त्याच दुरुस्तीतलं कलम १९८अ वाचा. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल मानकांप्रमाणे न करणाऱ्याला दंड आहे, एक लाख रुपयांपर्यंत. कधी? त्यातून कुणी मेलं किंवा अपंग झालं तर. आईचे गुडघे त्यात धरत नाहीत. मोठ्या एसयूव्हीवर किती कर लावायचा हे ठरवायला जीएसटी कौन्सिलने जुलै २०२३ मध्ये ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा, असं स्पष्ट करून घेतलं. गाडीची उंची सरकारला मिलिमीटरमध्ये मोजता येते. गतिरोधकाची वेळ आली की टेप सापडत नाही.

ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही. माझ्या एका मित्राचं शेत जुन्नरकडे आहे, पावसाळ्यात शेवटचा दीड किलोमीटर म्हणजे नुसता चिखल आणि दगड. त्याने विचार करून उंच, लॅडर फ्रेमची गाडी घेतली. तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये लुक दाखवत नाही. माझी चीड आहे ती आमच्यासारख्यांवर. पाणी आलं नाही, टँकर मागवला. वीज गेली, इन्व्हर्टर घेतला. रस्ता बिघडला, गाडी उचलली. ज्याच्याकडे साडेआठ हजार आहेत तो तक्रार करणाऱ्यांतून गळतो, आणि कट्टा उरतो रिक्षावाल्याला, डिलिव्हरीच्या पोरांना, मागच्या सीटवर गरोदर बायको घेऊन जाणाऱ्या स्कूटरवाल्याला. त्यांना कुठला स्पेसर बसवणार?

शनिवारची वेळ रद्द केली. मोजमापं, फोटो आणि आयआरसीचं पान घेऊन कमिटीकडे गेलो, कारण हा कट्टा महापालिकेने नाही, आमच्याच सोसायटीने बांधलाय. चेअरमन काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीन वर्षांपूर्वी बी विंगमधल्या मुलीला इथे गाडीने सायकलवरून पाडलं. हात मोडला तिचा. तेव्हा तू नव्हतास इथे. त्याच रात्री मिस्त्री बोलावून करून घेतला आम्ही."

मी गप्प झालो. हे मला खरंच माहीत नव्हतं. थोड्या वेळाने म्हणालो, "काका, काढा म्हणतच नाहीये मी. रुंद करू. वेग तेवढाच कमी होईल. वर पांढरे पट्टे मारू, अलीकडे बोर्ड लावू. स्पेसरचे साडेआठ हजार माझे घ्या."

"त्यापेक्षा गाडी लिफ्ट का नाही करून घेत?" काका म्हणाले. "माझ्या जावयाने केली. मस्त दिसते."

पुढच्या रविवारी मीटिंग आहे. अजेंडा ग्रुपवर आलाय. गतिरोधकाचा मुद्दा नववा, लिफ्टच्या एएमसीनंतर आणि कबुतरांच्या जाळीच्या आधी. टेप गाडीतच ठेवली आहे. काल रात्री गेटपाशी आईने पुन्हा दार उघडलं. म्हटलं, बस गं, आज लागू दे. तोवर ती उतरली होती.