हंड्याचा भाव वजनकाट्यावर?

पेणहून रोह्याला जाताना जिकडेतिकडे जेसीबी माती उपसताना दिसतात. रस्ता, प्लॉट, फार्महाऊस, काहीतरी चालूच. आणि खोदकाम म्हटलं की आमच्याकडे गप्पा हंड्याच्या. एकजण म्हणतो, जागा ज्याची त्याचा हंडा. दुसरा म्हणतो, सापडला त्याचा. तिसरा हळूच सांगतो, "गप्प बसायचं, नायतर सरकार नेईल."

माझं भांडण या तिसऱ्याशी नाही. त्याला असं बोलायला लावणाऱ्या कायद्याशी आहे.

भारतीय निखात निधी अधिनियम 1878चा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टरला लेखी कळवायचं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद. निधी बेवारस ठरला आणि आपसात करार नसेल, तर पाऊण हिस्सा शोधणाऱ्याला, पाव जागामालकाला. इथवर ठीक. पण सरकारला तो ठेवून घ्यायचा असेल तर द्यायचं काय? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. नाण्यावरच्या अक्षरांचं मोल शून्य! मग माणूस कलेक्टरकडे कशाला जाईल? सोनार जवळ आहे, आणि तो प्रश्नही विचारत नाही.

1974 साली नगर जिल्ह्यात दायमाबादला एका शेतकऱ्याला खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चारही धातूचे, मिळून साठेक किलो. भंगारात ते तांब्याच्या भावाने गेले असते. वाचले, पण उत्खननाच्या थरात सापडले नाहीत, म्हणून त्यांच्या काळावरून अभ्यासक भांडत राहिले. वस्तू उचलली की तिची अर्धी गोष्ट मातीतच राहते.

आमच्या मातीत गोष्टी कमी नाहीत. रोह्याच्या दक्षिणेला, मांदाडच्या खाडीजवळ कुड्याची लेणी आहेत. तिथल्या लेखांत माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी दान देताना दिसतात. या माणसांचा या भागाशी संबंध होता. त्यांचं काही आज जेसीबीच्या दातात आलं, तर ड्रायव्हरने काय करावं?

माझं म्हणणं सरळ आहे. मालकी सगळ्यांची असावी, सरकार फक्त राखणदार. पण राखणदाराने प्रामाणिक माणसाला बाजारभाव द्यावा. इंग्लंडमध्ये 1996च्या कायद्याने संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर बाजारभावाइतकं बक्षीस ठरतं, आणि शोधणारा व जागामालक ते वाटून घेतात. आपल्याकडे कळवायची सोय ग्रामपंचायतीतच हवी. फोटो आणि जागेची नोंद होईपर्यंत काम थांबलं, तर त्या दिवसांची भरपाई हवी. आणि वस्तू मुंबईला गेली तरी तिच्याखालच्या पाटीवर गावाचं नाव हवं.

"एवढे पैसे कुठून आणायचे?" असं कुणी विचारेल. रस्त्याला, प्लॉटला, फार्महाऊसला पैसे आहेत ना? त्याच खोदकामाच्या खर्चात हे धरा. नाहीतर तो तिसरा बरोबरच बोलतोय.