दारू सोडवायला कडी लावू नका, मीटिंगला घेऊन जा



आजच्या नोंदीत फवारणी नाही की खत नाही. सोयाबीनच्या शेंगा भरतायत, त्याचं उद्या लिहीन. काल पोळ्याची कर झाली. कोण कुठं पडलं होतं ते सगळ्या गावानं बघितलं. म्हणून आज हे लिहितो.

काही वर्षांमागं आमच्या बांधशेजाऱ्याची दारू सोडवायचं आम्ही मनावर घेतलं. गडी रोजचा पिणारा, सकाळी घोट गेल्याशिवाय हात थरथरायचे. घरचे म्हणले कोंडा, आम्ही चौघांनी कोंडला. पहिल्या दिवशी घाम, थरथर. आम्ही म्हणलं नाटक करतोय. तिसऱ्या दिवशी भिंतीवर साप दिसतात म्हणून ओरडायला लागला, मग झटका आला. गाडी बघून दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. डॉक्टर म्हणले, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडायची नसते, औषधाखाली तोडायची असते. कडी लावणाऱ्यात मी एक होतो. हे मी विसरलेलो नाही.

म्हणून माझं पहिलं मत. ज्याचे सकाळी हात कापतात, त्याला आधी डॉक्टरकडं न्या. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. आणि भाजीत गुपचूप पावडर कालवायच्या भानगडीत पडू नका. दारू नको वाटायचं डायसल्फिराम नावाचं औषध खरं आहे, पण ते पिणाऱ्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीत द्यायचं. नकळत दिलं आणि त्यानं वरून दारू घेतली तर जिवावर बेततं.

दुसरं मत. औषधानं अंगातली दारू जाते, डोक्यातली जात नाही. तण वरून कापलं तर मुळी खाली राहतेच. त्यासाठी मीटिंग लागते.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., हे काम अमेरिकेत १९३५ साली एका शेअर दलालानं आणि एका डॉक्टरनं सुरू केलं. दोघंही स्वतः पिणारे. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलला की दोघं टिकतात, एवढंच त्यातलं इंगित. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा पाहिजे, बस. खर्चासाठी थैली फिरते, नवीन माणसानं काही टाकायची गरज नाही. खुल्या मीटिंगला घरचं माणूसही बसू शकतं, बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची.

माझ्या चुलत भावाला मीच घेऊन गेलो. त्याला विचारूनच हे लिहितोय. मीटिंग संध्याकाळची, शेवटची एसटी चुकायची भीती, त्यात रात्रीच्या लाईटीचं पाणी. मग बाजाराचा वार धरला, येताना मोटारसायकल. पहिल्या ठिकाणी सगळे नोकरीवाले, त्याला करमलं नाही. म्हणला, आपलं काम नाही. मी म्हणलं, एका प्लॉटवरून बियाणं वाईट ठरवतोस का? दुसऱ्या तालुक्याच्या गावी गेलो. तिथं एक ट्रॅक्टरवाला उठला आणि म्हणला, "मी बेवडा आहे. बायकोच्या पाटल्या विकून प्यालो." भावानं मान खाली घातली. येताना गाडीवर बोलला नाही, पण पुढच्या वारी स्वतः तयार होऊन बसला.

मध्ये एका लग्नात घसरला. मला वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच मीटिंगला गेला. तिथं कुणी रागावलं नाही, चहा दिला. तिथं जन्मभराची शपथ घालत नाहीत, फक्त आजचा दिवस म्हणतात. काल करीला तो माझ्यासोबत मोटारीवर होता. उद्याचं मी सांगत नाही, तोही सांगत नाही.

आपल्याकडं गुत्त्यावर बसायला लाज नाही, मीटिंगला जायची लाज वाटते. हे उलटं आहे. बायाबापड्या आडवी बाटली करून दुकान बंद पाडतात, त्याला माझा पाठिंबाच आहे. पण पिणारा शेजारच्या गावाला जातो. दुकानही बंद पाहिजे आणि माणसाला बसायला दुसरी जागाही पाहिजे. घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या मीटिंगा असतात. पुण्यात अवचट पतीपत्नीनं १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. काहीच माहीत नसेल तर १४४४६ ह्या सरकारी नंबरवर विचारा, फोन फुकट आहे.

कृषी सहायक आणि दुकानदार भावांनो, तुम्ही बांधोबांध फिरता. कुणाचं शिवार का पडीक पडलं ते तुम्हाला आधी कळतं. किडीचं औषध सांगता तसं मीटिंगचा वारही सांगत जा. आणि पिणाऱ्याच्या घरात कीटकनाशकाला कुलूप लावायला सांगा.

तुमच्या तालुक्यात मीटिंग चालत असेल तर वार, वेळ, जागा खाली लिहा. कुणाचं नाव लिहू नका.