अधिक-उण्याचा भुर्दंड ग्राहकालाच

ग्राहक हा बाजारपेठेचा राजा आहे, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्षात मात्र या राजाला पुष्कळदा सरदारांच्या भांडणाचा खर्च निमूटपणे सोसावा लागतो. कोऱ्या डीव्हीडीचा इतिहास हे त्याचे बोलके उदाहरण होय.

१९९७ साली पायोनियर या जपानी कंपनीने एकदाच नोंद करता येणारी ‘डीव्हीडी-आर’ बाजारात आणली. पुसून पुन्हा वापरता येणारी ‘डीव्हीडी-आरडब्ल्यू’ तिच्या पाठोपाठ आली. ‘डीव्हीडी फोरम’ या उत्पादकांच्या संघाचा या प्रकारांना पाठिंबा होता. परंतु फिलिप्स, सोनी, ह्यूलेट-पॅकार्ड आदी कंपन्यांनी वेगळी चूल मांडली आणि २००१ साली ‘डीव्हीडी+आरडब्ल्यू’, तर २००२ साली ‘डीव्हीडी+आर’ विक्रीस आणली. ‘डीव्हीडी-रॅम’ हा तिसरा प्रकार होताच.

या चिन्हांमुळे एक तबकडी सरस व दुसरी कमअस्सल असावी, असा समज होणे स्वाभाविक होते. वस्तुतः ‘उणे’ ही केवळ जोडरेघ होती. दोहोंचा व्यास १२ सेंटिमीटर आणि क्षमता ४.७ गिगाबाइट! फरक होता तो लेसर किरणाला तबकडीवरील आपली जागा दाखविण्याच्या पद्धतीत. एकीत त्यासाठी खाचांमधील पट्टीवर सूक्ष्म खड्डे असत. दुसरीत खाचेच्या नागमोडी वळणातच ही माहिती गुंफलेली असे. एवढ्या फरकापायी एका पद्धतीच्या यंत्रावर दुसऱ्या पद्धतीची तबकडी लिहिता येत नसे. वाचणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेकांना दोन्ही चालत. पण काही जुनी यंत्रे नेमकी एखादी नाकारीत.

मग हा अट्टहास कशासाठी? ज्याचे प्रमाण सर्वमान्य होते, त्याला प्रत्येक यंत्रावर आणि तबकडीवर स्वामित्वशुल्क मिळते. १९७५ साली आलेली बीटामॅक्स आणि १९७६ ची व्हीएचएस यांच्या झुंजीचे मूळही याच लाभात होते. तेथे एक पक्ष हरला. येथे कोणीच हरले नाही. २००२ साली सोनीने दोन्ही प्रकारांवर लिहिणारे यंत्र आणले आणि पुढे तोच प्रघात पडला. तंटा मिटला, पण दुहेरी यंत्रणेचा बोजा ग्राहकाच्या माथी बसला.

स्पर्धेमुळे प्रगती होते, हे अमान्य करण्याचे कारण नाही. २००४ साली ८.५ गिगाबाइटची दुहेरी थराची तबकडी आली, त्यामागे ही चुरसही होती. परंतु स्पर्धा गुणवत्तेत आणि किमतीत व्हावी. परस्परांशी न जुळण्यात नव्हे.

आज नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचे यंत्र सहसा नसते. अशा तबकड्यांचे मोठे उत्पादन करणाऱ्या नोएडाच्या मोझर बेअर कंपनीवर २०१८ साली अवसायनाची पाळी आली. घरोघरीच्या लग्नाच्या चित्रफिती आणि महाविद्यालयांतील प्रबंध मात्र अजून त्या तबकड्यांतच पडून आहेत, आणि त्यांतील सेंद्रिय रंगद्रव्य काळाबरोबर क्षीण होते आहे. त्यांच्या प्रती वेळीच अन्यत्र उतरवून घेणे हे संस्थांचे तातडीचे कर्तव्य आहे.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल फोनांना यूएसबी-सी ही एकच जोडणी सक्तीची केली. उत्पादकांना आपसांत समेट साधत नसेल, तर तो घडवून आणणे हे शासनाचे काम ठरते, हाच त्याचा अर्थ. सार्वजनिक पैशातून खरेदी करणाऱ्या आपल्या संस्थांनीही खुल्या, समान प्रमाणांचा आग्रह धरला पाहिजे. अन्यथा चिन्हे बदलतील, बाकी मात्र नेहमी ग्राहकाच्याच खात्यातून वजा होत राहील.