आपलंच नाणं खोटं

टांकसाळीची चूक वेगळी आणि नाण्याची दुर्दशा वेगळी, एवढंच माझं मत आहे. पण ते मी चारचौघांत मांडलं आणि शेजारच्या नानांनी आठ दिवस माझ्याकडच्या चहावर बहिष्कार टाकला.

झालं होतं असं. नानांना देवघरातल्या डबीत पाच रुपयांचं जुनं, जाडजूड नाणं सापडलं. कड एका बाजूने गेलेली, सिंहांच्या तोंडावर आडवी चीर. कुणीतरी फोनवर सांगितलं, "काका, हा मिंट एरर! दोन लाख कुठे गेले नाहीत. फक्त नोंदणीचे एकवीसशे भरा." नानांनी भरले. पेन्शनीतून. त्यानंतर तो फोन जो मुका झाला, तो झालाच.

"नाना, हा ओरखडा आहे हो."

"तुला ओरखडा दिसतो. जाणकाराला चूक दिसते!"

आता जाणकाराला काय दिसतं तेच सांगतो. टांकसाळीत कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबतात. ठशालाच तडा गेला असेल तर धातू त्या फटीत घुसतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. उलट खिळ्याने, किल्लीने किंवा नातवाने जी रेघ पडते, ती खोल जाते. बोट फिरवलं तरी पुष्कळदा कळतं. एक जन्मखूण, दुसरी जखम. वधूवरसूचक मंडळातसुद्धा हा फरक करतात!

कडेचंही तसंच. चकती कापताना पत्रा नीट सरकला नाही, तर नाण्याला चंद्रकोरीसारखी खाच राहते, आणि बहुधा तिच्या बरोबर समोरची कडही अशक्त उमटते. कानस मारणाऱ्याला समोरच्या कडेची आठवण कुठली राहायला? शिवाय काटा आहेच. हे नाणं टांकसाळीतून निघताना नऊ ग्रॅमचं असतं. ठसे उमटलेले स्वच्छ, पण वजन घटलेलं आणि कडेवर कानशीचे चरे, म्हणजे धातू बाहेर कुणीतरी खाल्ला.

काही शहाणे तर धडधाकट नाण्यालाही आजारी ठरवतात. सालाखालचं ते चौकट म्हणे दुर्मिळ! अहो, ती मुंबई टांकसाळीची खूण. हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. आमच्या एका स्नेह्यांनी तर अमेरिकेहून आलेलं नाणं उलटून पाहिलं, मागचं चित्र डोक्यावर उभं, आणि पेढे आणायला निघाले. तिकडची सगळीच नाणी तशी असतात! आपलं नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटायचं, तर दोन्ही बाजू सरळ दिसतात. तेव्हा भारतीय नाण्याची मागची बाजू चांगली तिरपी आली, तर ती मात्र टांकसाळीची चूक.

नाना हार मानणारे नव्हेत. "पण असा ओरखडा जगात दुसऱ्या नाण्यावर आहे का?"

"नाना, माझ्या टकलावरचं टेंगूळही जगात एकमेव आहे. लिलावात कोण बोली लावणार?"

चहा बंद झाला तो इथे.

माझा राग नानांवर नाही. माणसाने आशा करू नये तर काय करावं? राग आहे तो म्हाताऱ्यांच्या आशेवर नोंदणी फी लावणाऱ्यांवर. जुनी नाणी विकून देतो म्हणून आमच्या नावाने पैसे मागणाऱ्यांना भुलू नका, आम्ही असली फी घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं. पण बँकेचं पत्रक वाचतो कोण? आणि चूक खरी असली, तरी बारीकसारीक चुकीला कुणी लाख मोजत नाही. जो विकत घेणार, तो आपल्या खिशातून पैसे काढतो. जो आधी तुमच्या खिशातून काढतो, तो गिऱ्हाईक नव्हे. गिऱ्हाईक तुम्ही!

परवा जिन्यात नानांचा आवाज आला. तळमजल्यावरच्या काकूंना भिंगातून रुपया दाखवत होते, "रेघ उंच आहे की खोल, ते आधी बघा. आणि फी मागितली की फोन ठेवा!" शब्द सगळे माझे. माझं नाव मात्र घेतलं नाही. असू दे. एकवीसशे त्यांनी भरलेत, सांगायचा अधिकार त्यांचाच.