सळ्यांचा हिशेब कोणापाशी?

चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडण्यात आला. सुमारे सहाशे किलो स्फोटके वापरूनही तो एका दणक्यात भुईसपाट झाला नाही. उरलेला सांगाडा यंत्रांनी उतरवावा लागला. काँक्रीटच्या पोटातील सळ्या अपेक्षेपेक्षा भक्कम निघाल्या, असा खुलासा तेव्हा झाला. या प्रसंगाची पुण्यात थट्टा पुष्कळ झाली आणि जुन्या बांधकामाची वाहवाही झाली. परंतु काही दशकांपूर्वीच सार्वजनिक पैशाने उभारलेल्या पुलात लोखंड किती व कसे आहे याविषयीची अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांत इतके अंतर का पडावे, हा मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

प्रश्न एका पुलाचा नाही. २०१९ मध्ये स्वारगेट येथे मेट्रोचे खोदकाम चालू असता जुना भुयारी पाणमार्ग अचानक हाती लागला. घरोघरचा अनुभवही निराळा नाही. वास्तुरचनाकाराचा नकाशा एक, संरचना अभियंत्याचा दुसरा, नळ व वीज यांचे आणखी वेगळे. प्रत्यक्ष जागेवर ऐनवेळी फेरबदल होतात. ते कागदावर क्वचितच उतरतात. काम संपले की मुकादम निघून जातो आणि त्याच्याबरोबर माहितीही जाते. पुढे छत गळू लागले म्हणजे नळ कोठून गेला आहे हे शोधण्यासाठी निम्म्या फरश्या उखडाव्या लागतात.

यावर उपाय आज उपलब्ध आहे. ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ अथवा ‘बिम’ या पद्धतीत इमारत आधी संगणकात उभी राहते. ते केवळ चित्र नव्हे. प्रत्येक तुळईचे माप, माल, खर्च व देखभालीची नोंद तिच्याशी जोडलेली असते. तुळई आणि सांडपाण्याचा नळ एकाच जागी आले, तर ती टक्कर काँक्रीट ओतण्यापूर्वीच दिसते. ब्रिटनने २०१६ पासून मध्यवर्ती सरकारी बांधकामांसाठी ही पद्धत आवश्यक केली. २०१८ मध्ये तिच्यासाठी ‘आयएसओ १९६५०’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. आपल्याकडे महामेट्रोने नागपूर येथे काळ व खर्च यांचीही जोड देऊन ती वापरली आहे. म्हणजे हे ज्ञान परके राहिलेले नाही.

लहान बांधकाम व्यावसायिकास हा खर्च झेपणार नाही, हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. पेठेतील तीन मजली वाड्याच्या पुनर्बांधणीस मेट्रोचा सरंजाम लावा, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय चुकीची माहिती संगणकात घातल्याने ती देखणी होते, खरी होत नाही. म्हणूनच आमचा आग्रह यंत्राचा नसून नोंदीच्या सचोटीचा आहे. सार्वजनिक पूल, रुग्णालये व मोठी गृहसंकुले यांना प्रतिकृती सक्तीची असावी. लहान इमारतींना निदान प्रत्यक्ष बांधकामाशी जुळणारे नकाशे पुरेत.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने इमारतीची कागदपत्रे व नकाशे गृहसंस्थेच्या स्वाधीन करण्याचे कर्तव्य विकासकावर टाकले आहे. बांधकामातील दोषांची त्याची जबाबदारी मात्र ताब्यापासून पाच वर्षांची. इमारत तर पन्नास वर्षे उभी राहावयाची असते! उरलेला काळ रहिवाशांनी कशाच्या आधारे काढावा? मंजुरीचा नकाशा या कामी निरुपयोगी आहे. हवा तो झालेल्या बांधकामाचा.

तेव्हा महापालिकेने असा नकाशा दाखल झाल्यावाचून भोगवटापत्र देऊ नये, आणि त्याची एक प्रत स्वतःच्या दप्तरी कायम जतन करावी. १८५४ पासून अभियंते घडविणाऱ्या या शहरात त्यासाठी लागणाऱ्या माणसांची वाण नाही. जे बांधले ते लिहून ठेवावे, एवढीच मागणी आहे. आणि ती पुढची इमारत उभी राहण्यापूर्वीच पुरी झाली पाहिजे.